सोन्यात ठेवलेलं खापर

स्तूपाला दार नसतं. लेणं पाहायला गेलेला माणूस आत शिरतो, देवळात गेलेला गाभाऱ्यापर्यंत पोचतो; स्तूपापाशी मात्र बाहेरच राहावं लागतं. विटा, माती आणि दगड यांचा भरीव गोल उंचवटा, त्याच्याभोवती फेरीची वाट, वर कधीकाळी हर्मिका, म्हणजे चौकोनी कठडा, आणि छत्र. जे पवित्र आहे ते आत, खोल, कोणाच्या नजरेला पडणार नाही असं ठेवलेलं. शेकडो वर्षं लोकांनी न पाहिलेल्या वस्तूला प्रदक्षिणा घातल्या आणि ती दाखवा असा हट्ट कधी धरला नाही. पुरातत्त्वाचं काम उलट्या दिशेनं चालतं. त्याला पाहावंच लागतं. खणल्याशिवाय, थर सोडवल्याशिवाय, मोजल्याशिवाय त्याला काही बोलता येत नाही. या दोन ओढींमधला ताण मला प्रत्येक स्तूपापाशी जाणवतो, पण सोपाऱ्याइतका कुठेच नाही.

सांची डोळ्यांत भरते. तिची तोरणं, तिच्यावरचे हत्ती, झाडं आणि शालभंजिका पाहणाऱ्याला गुंतवून ठेवतात, आणि त्यात स्तूप हा मुळात एक झाकलेला ठेवा आहे हे विसरायला होतं. सोपाऱ्याला तसं गुंतवणारं काहीच उरलेलं नाही. विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडून सोपारा गावाकडे जाणारी रिक्षा धरायची. इमारती, दुकानं, गॅरेजं, मधूनच एखादी जुनी वाडी, ताड-माड, आणि मग कुंपणाआड तो विटांचा उंचवटा. तोरण नाही, शिल्पं नाहीत. वरचा भाग कधीच ढासळून गेलेला. इथली जुनी माणसं या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणायची. आत काय आहे हे गाव पार विसरलं होतं, तरी हे कोणा मोठ्याचं ठिकाण आहे एवढी आठवण त्या नावात टिकून राहिली होती.

इथली वीट जवळून पाहावी. आपल्या आजच्या विटेपेक्षा ती बरीच मोठी आणि पसरट आहे. तुटलेल्या कडेला नीट पाहिलं की बारीक लांबट पोकळ्या दिसतात. माती मळताना तिच्यात भाताचा तूस घातला होता. भट्टीत तो जळून गेला आणि त्याची जागा तेवढी रिकामी राहिली. कोकणातल्या कुठल्यातरी खाचरात पिकलेल्या, कोणीतरी कांडलेल्या त्या भाताचा आकार विटेत अजून आहे. स्तूपाचं दान देणाऱ्यांची नावं दगडावर कोरली जातात. भात कांडणारीचं नाव कुठेच नाही, पण तिचा तूस मात्र आहे. पुरातत्त्व मला आवडतं ते यासाठी. राजे आणि श्रेष्ठी यांच्यापलीकडे ज्यांनी आपल्याबद्दल एक अक्षरही लिहून ठेवलं नाही, त्यांच्यापर्यंत पोचायची ही एकच वाट आहे.

हे गाव एकेकाळी केवढं होतं याची कल्पना आज रस्त्यावर उभं राहून येत नाही. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेला निघालेले पांडव शूर्पारकाला, म्हणजे सोपाऱ्याला, येतात. ग्रीक खलाशांसाठी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये आणि टॉलेमीच्या भूगोलात या बंदराचं नाव आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्यानं आपल्या दानांची यादी कोरून घेतली आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन यांच्या जोडीला शूर्पारकातही त्यानं प्रवाशांसाठी निवारे बांधले. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकानं दिला. भाणक म्हणजे धर्मग्रंथ पाठ म्हणून दाखवणारा भिक्खू. त्या खांबाच्या लेखात तो धातूसह, म्हणजे अवशेषासह दिल्याचं म्हटलं आहे, आणि अवशेष ठेवण्यासाठी खांबात खोबणीही केलेली आहे. खाडीच्या काठावरून निघून घाट चढून कार्ल्याच्या डोंगरापर्यंत एक पाठ म्हणणारा माणूस अस्थीचा एखादा कण जपत घेऊन गेला, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

आणि सोपाऱ्याचा म्हणून ज्याला सारं बौद्ध जग ओळखतं तो पूर्ण. ‘दिव्यावदाना’त त्याची कथा सविस्तर येते. व्यापाऱ्याचा मुलगा, पण दासीच्या पोटी जन्मलेला. म्हणून भावांनी वाटणीतून दूर सारलेला. पुढे तोच समुद्रावर जाऊन मोठा सार्थवाह, म्हणजे व्यापाऱ्यांचा म्होरक्या, होतो आणि सारं सोडून भिक्खू होतो. पाली ग्रंथांत तो बुद्धाकडे अपरान्तात, म्हणजे आपल्या या कोकणपट्टीत जाण्याची परवानगी मागतो. तिथली माणसं कठोर आहेत, शिव्या देतील, बुद्ध म्हणतो. पूर्णाला वाटतं, हात तरी उगारला नाही, म्हणजे भलीच माणसं. मग हातानं मारलं तर? दगड मारले तर? काठ्या, शस्त्रं, शेवटी जीवच घेतला तर? प्रत्येक पायरीवर पूर्णाचं उत्तर तयार असतं. कोकणी माणसाची तेव्हाची कीर्ती काय होती हेही यावरून कळतं, आणि स्वतः इथलाच असूनही पूर्ण ती नाकारत नाही, तरी जातो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. त्यातलं शिडाचं जहाज सर्वांच्या परिचयाचं आहे. त्यावर रांगेनं मांडलेले रांजण आहेत. कथेत पूर्णाचा भाऊ समुद्रावरच्या संकटातून वाचतो, आणि आणलेल्या चंदनातून बुद्धासाठी सोपाऱ्याला प्रासाद उभा राहतो. तो चंदनी प्रासाद कुठे होता हे कोणी दाखवू शकणार नाही. स्तूप मात्र आहे.

तो उघडला पंडित भगवानलाल इंद्रजींनी, एप्रिल १८८२मध्ये. भगवानलाल जुनागढचे, जन्म १८३९चा. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख. मुलानं तो रोज पाहिलेला आणि तिथल्या कोणालाच न वाचता येणारा. जेम्स प्रिन्सेपनं लावलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता त्याच्या हाती आला आणि तो स्वतःच वाचायला शिकला. १८६१ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याला मुंबईला बोलावून घेतलं. त्यानंतर भाऊ दाजींसाठी, आणि १८७४ साली ते गेल्यावर स्वतःच्या बळावर भगवानलालांनी देश पायाखाली घातला : नाणेघाट, अजिंठा, उदयगिरी, जैसलमेर, नेपाळ. इंग्रजीत लिहिणं त्यांना जमत नसे. ते गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान त्याचं भाषांतर करीत. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावर या माणसाचे केवढे उपकार आहेत, आणि आपल्याकडे त्यांचं नाव किती थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून दुःख होतं.

ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचं काम तेव्हा चालू होतं. त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांच्या साथीनं भगवानलालांनी टेकाडाच्या मधोमध खड्डा उतरवला. विटांच्या बांधणीत, अगदी मध्यावर, एक मोठी गोल दगडी पेटी लागली. खालचा भाग आणि झाकण जवळपास सारख्याच आकाराचे. झाकण उचललं तर आत मधोमध तांब्याचा करंडा, आणि त्याच्याभोवती फेर धरून बसलेल्या आठ ब्राँझच्या मूर्ती. सात मानुषी बुद्ध, विपश्यीपासून गौतमापर्यंतचे, आणि आठवा मैत्रेय, अजून यायचा असलेला. तांब्याच्या करंड्यात चांदीचा. चांदीच्या आत हिरव्या दगडाचा. त्याच्या आत स्फटिकाचा. स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं विखुरलेली. आणि सोन्याच्या त्या इवल्या करंड्यात, या सगळ्या आवरणांच्या गाभ्याशी, मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे.

खापर. ज्याला आपण पायानं बाजूला सारतो ते.

भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे मानले, आणि ज्यांनी ते तिथे ठेवले त्यांची श्रद्धा तीच असली पाहिजे. नाहीतर कोणी खापराला सोन्यात ठेवत नाही. स्तूपांचे जुने प्रकार सांगतात ते असे : शारीरिक, म्हणजे अस्थींवर उभारलेला, पारिभोगिक, म्हणजे वापरातल्या वस्तूवर उभारलेला, आणि उद्देशिक, म्हणजे केवळ स्मरणासाठी. सोपाऱ्याचा स्तूप दुसऱ्या प्रकारातला. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या कथेत अस्थी वाटून घेण्यावरून राजांमध्ये भांडण पेटायची वेळ येते. द्रोण नावाचा ब्राह्मण मध्ये पडतो आणि सारखे आठ वाटे करतो. त्याच्या स्वतःच्या वाट्याला काही उरत नाही, म्हणून ज्या भांड्यानं मोजून वाटे केले ते भांडं तो मागून घेतो आणि त्यावर स्तूप बांधतो. म्हणजे स्तूपांच्या अगदी पहिल्या पिढीतच एक स्तूप भांड्यावरचा आहे. सोपाऱ्याची खापरं मला त्याच घराण्यातली वाटतात.

आता शंका घेणारा विचारील, आणि त्यानं विचारावंच : हे पात्र खरंच त्याचं? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान या चिनी यात्रेकरूनं बुद्धाचं भिक्षापात्र पुरुषपुरात, म्हणजे आजच्या पेशावरला, पुजलं जात असल्याचं लिहून ठेवलं आहे. मग सोपाऱ्याचं कोणतं? खापराच्या अंगावर मालकाचं नाव नसतं. याचा निकाल पुरातत्त्व लावू शकत नाही आणि तसा दावा त्यानं करूही नये. पण त्याला एक गोष्ट नक्की सांगता येते. दुसऱ्या शतकातल्या या बंदरात रोमचा माल येत-जात होता, सोनं होतं, स्फटिक पैलू पाडून पोकळ करण्याइतके निष्णात कारागीर होते. आणि अशा श्रीमंत गावानं आपल्या स्तूपाच्या मध्यावर मातीच्या फुटक्या भांड्याचे तुकडे ठेवले. बाहेरून आत जाताना धातूंची किंमत वाढत जाते, तांबं, चांदी, सोनं, आणि शेवटी हाती येतं ते ज्याची बाजारात काहीच किंमत नाही असं. हे योगायोगानं झालेलं नाही. ज्यानं ही मांडणी केली त्यानं दारोदार मागून खाणाऱ्या त्या माणसाचं जगणं बरोबर ओळखलं होतं.

आणि खापराला असं मोल देणारे जगात आणखी एकच लोक आहेत : पुरातत्त्ववाले. उत्खननाच्या जागी सोन्याची नाणी क्वचित सापडतात. टोपल्या भरतात त्या खापरांनी. प्रत्येक तुकडा धुतला जातो, वाळवला जातो, त्यावर खंदक आणि थर यांचा क्रमांक लिहिला जातो. काठाचा तुकडा असेल तर त्याची गोलाई मोजून अख्खं भांडं केवढं होतं ते काढतात. रंग, जाडी, भाजणी, चकाकी यांवरून तो कोणत्या काळातला, कुठून आलेला हे ठरतं. फुटलेल्या मातीकडे इतक्या आदरानं पाहणारे हे लोक आणि सोन्याच्या करंड्यात ते तेरा तुकडे ठेवणारे भिक्खू यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

पण मूळ प्रश्न राहतोच. जे कोणी पाहू नये म्हणून पुरलं, ते आपण उघडलं. बरोबर केलं का?

याचं उत्तर शोधताना त्या आठ ब्राँझच्या मूर्तींपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. करंड्यांबरोबर एक चांदीचं नाणं मिळालं, गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचं, एका बाजूला राजाचा चेहरा असलेलं. सातवाहनांची असली नाणी दुर्मीळ. हे न झिजलेलं आहे, म्हणजे फार हातांतून न फिरता, जवळजवळ कोरंच ते आत ठेवलं गेलं. यज्ञश्रीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. मूर्ती मात्र त्या काळच्या नाहीत. त्यांची घडण आठव्या-नवव्या शतकातली आहे, असं अभ्यासक मानतात. मधे सहाशे वर्षांचं अंतर. मला पटणारा अर्थ एकच : सातवाहन काळात ठेवलेला हा ठेवा पुढे सहा शतकांनी इथल्याच भिक्खूंनी पुन्हा उघडला. कदाचित स्तूप ढासळला असेल, डागडुजी करावी लागली असेल. त्यांनी पेटी उघडली, आतलं पाहिलं, आपल्या काळाचं म्हणून भोवती आठ बुद्ध बसवले आणि पुन्हा मिटली. तेव्हा सह्याद्रीतली कितीतरी लेणी ओस पडत चालली होती. अशा वेळी त्यांनी फेरात मैत्रेयाला बसवलं, जो अजून यायचा आहे.

म्हणजे उघडणं हेच पाप असं म्हणता येत नाही. उघडून काय केलं, यावर सगळं आहे. सारनाथला १७९४ साली काशीच्या राजाचा दिवाण जगतसिंग याच्या माणसांनी विटा आणि दगडांसाठी धर्मराजिक स्तूप फोडला. आतल्या पेटीत अस्थी मिळाल्या. त्या गंगेत सोडून देण्यात आल्या. स्तूपाचा आज केवळ पाया दिसतो. पिप्रहवाला १८९८ साली पेपे नावाच्या जमीनदारानं स्तूप खणला. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, रत्नं काही कलकत्त्याच्या संग्रहालयात तर काही पेपेंच्या घराण्यात. ती घरातली रत्नं २०२५ साली हाँगकाँगच्या लिलावात निघाली. भारत सरकारनं हरकत घेतली, लिलाव थांबला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती भारतात परत आली. अस्थींसोबत श्रद्धेनं ठेवलेल्या वस्तूंवर बोली लागू शकते, हे त्या बातमीत वाचताना अंगावर काटा आला होता.

सोपाऱ्याचं नशीब त्या मानानं थोर. भगवानलालांनी काय कशात होतं, किती होतं, कसं मांडलेलं होतं ते सगळं लिहून ठेवलं आणि त्याच वर्षी छापलं. त्या नोंदीमुळेच आज आपण मूर्ती आणि नाणं यांच्या काळातला फरक ओळखू शकतो. करंडे, मूर्ती आणि खापरं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आली आणि तिच्याकडेच राहिली. ठेवा एकत्र राहिला, विखुरला नाही. तरी एक सल आहेच. रिता स्तूप नालासोपाऱ्याला आणि त्याचं हृदय फोर्टमधल्या टाऊन हॉलमध्ये, मधे चर्चगेट ते विरारची अख्खी पश्चिम रेल्वे. लोकलमधून रोज उभं राहून मुंबईला जाणाऱ्या नालासोपारकरांना हे सांगितलं पाहिजे, असं मला फार वाटतं. त्यांच्या शहराची ओळख आज गर्दी, पाणीटंचाई आणि पावसात तुंबलेले रूळ एवढीच झाली आहे.

स्तूप रिता आहे, असं मी आत्ता लिहिलं. बुद्धपौर्णिमेला तिथे गेलं की हा शब्द मागे घ्यावासा वाटतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सकाळपासून येत असतात. आयाबाया, म्हातारे, कडेवर लेकरं. मेणबत्त्या, अगरबत्त्या, फुलं. त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्यांचे सूर. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर बाबासाहेबांच्या लोकांनी महाराष्ट्रातल्या लेण्यांशी आणि स्तूपांशी जे नातं जोडलं, त्यानं या जागांचा अर्थ बदलून टाकला. त्याआधी इथे बुरुड राजाचा कोट होता, मग संरक्षित स्मारक झालं; त्यांच्या पावलांनी तो पुन्हा स्तूप झाला. अशाच एका पौर्णिमेला माझ्यापुढे एक आजी नातवाचं बोट धरून फेरी घालत होत्या. पोरगं सारखं विचारत होतं, “आजी, आत काय आहे?” मला वाटलं, सांगावं पुढे होऊन, तेरा तुकडे, पाच करंडे, नाणं. त्याआधीच आजी म्हणाल्या, “आतलं बघायला नाही आलो आपण, बाळा. फेरी घालायला आलोय. चल.” आणि चालू लागल्या, उंचवटा उजव्या हाताला ठेवून, रीतीनं.

त्या मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि आजींचं उत्तरही नाही. मला दोन्ही हवी आहेत. कुंपण हवं, कारण हात लावून लावून विटा झिजतात आणि घरी नेलेली वीट परत येत नाही. आणि कुंपणाच्या आत येणारी माणसंही हवीत. माणसं यायची थांबली तेव्हाच तर या स्तूपाचा कोट झाला होता.

सोपाऱ्याचं काम संपलेलं नाही, हेही सांगायला हवं. ज्या वर्षी स्तूप उघडला त्याच वर्षी भगवानलालांना इथल्या भातेला तलावाजवळ एक फुटका शिलाखंड मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा होता. पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेच्या सहलींना निघत. अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर आपण संबोधीला, म्हणजे बुद्धाला ज्ञान झालं त्या ठिकाणी, गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणं, वृद्धांना दान देणं, धर्माची विचारपूस करणं, असा त्याचा आशय. मग १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. दोन्ही आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. गिरनारला, शाहबाजगढीला, कालसीला चौदा लेखांची अख्खी मालिका आहे. सोपाऱ्यालाही ती असणार. बाकीचे बारा कुठे आहेत? एखाद्या विहिरीच्या काठाला, जुन्या घराच्या जोत्यात, तलावाच्या गाळात, नाहीतर चाळीच्या मागच्या बाजूला कपडे धुवायच्या दगडाच्या खालच्या अंगाला. वसई तालुक्यात रोज कुठेतरी पाया खणला जातो आहे. पोकलेनच्या बादलीत येणाऱ्या दगडावर काड्यांसारखी साधी, सरळ, गोल-चौकोनी अक्षरं दिसली, तर तो डंपरमध्ये टाकण्याआधी काम थांबवा, फोटो काढा, तहसील कचेरीला कळवा, आणि कोणी येईपर्यंत दगड जिथे आहे तिथेच राहू द्या. तो कोणत्या मातीत, किती खोल होता, हे तो हलवल्यावर कोणालाच सांगता येणार नाही.